भावांसाठी प्रश्नावली

शिकलेल्या बहिणीचा माणसाला अभिमान असावा, आणि शिवराजला तो होता. उस्मानपुऱ्यातल्या आपल्या सोसायटीत त्यानं तो भरपूर मिरवलाही होता. लग्नानंतर दोन मुलं सांभाळून दीपमाला वकील झाली, तेव्हा पार्किंगमध्ये गाड्या पुसणाऱ्या माणसालाही थांबवून त्यानं ती बातमी सांगितली होती. त्यामुळं बेचाळिसाव्या वर्षी तिनं एलएलएमला प्रवेश घेतला आणि पेढे घेऊन आली, तेव्हा त्यानं एक पेढा तोंडात टाकला आणि दुसरा हातात घेतला.

हे एलएलएम संशोधनाचं होतं. वर्गात कमी बसायचं, फिरायचं जास्त. एक विषय घ्यायचा, गावोगाव जाऊन माहिती गोळा करायची, प्रबंध लिहायचा आणि शेवटी तोंडी परीक्षा द्यायची. शिवराजनं विषय विचारला तो आपला विचारायचा म्हणून. सिंचन खात्यात चोवीस वर्षं लिपिकी केलेला माणूस विषय विचारतो आणि फाईल पुढं सरकवतो, उत्तर ऐकण्याची त्याला सवय नसते.

"बहिणींची हक्कसोडपत्रं," दीपमाला म्हणाली. "वडील गेल्यावर बहिणी जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडून देतात ना, त्या कागदांचा अभ्यास. कन्नड तालुका, दोन हजार दहा ते वीस."

दुसरा पेढा शिवराजच्या हातातच राहिला.

त्याला कारण होतं. तेरा वर्षांपूर्वी गावी, कन्नड तालुक्यातल्या पिशोरला, वडील वारले. आई त्याआधीच गेलेली. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी चुलते नानासाहेब यांनी जीप काढली. वारस लावायचेत, चला, असं सांगून त्यांनी दोघा भावंडांना तालुक्याला नेलं. रडून रडून दीपमालाचे डोळे सुजलेले होते. तिनं फोटो दिला, अंगठा दिला, दाखवली तिथं सही केली. सहीची जागा दाखवणारं बोट शिवराजचं होतं. तो कागद वारसाचा नव्हता, साडेअकरा एकरांतल्या तिच्या अर्ध्या वाट्याचं हक्कसोडपत्र होतं, हे नानासाहेबांनी जीपमध्ये त्याच्या कानात सांगून ठेवलं होतं. पुढं सवडीनं सांगू तिला, असं त्यानं तेव्हा ठरवलं. तेरा वर्षांत सवड झाली नाही. कधी राखी असे, कधी भाच्याचा वाढदिवस, आणि चांगल्या दिवशी असले विषय काढू नयेत एवढी समज शिवराजला होती.

दीपमालानंही कधी विचारलं नव्हतं. माहेरच्या जमिनीची चौकशी करायची नसते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते आपोआप येत होतं. आणि आता हीच बाई त्याच तालुक्यातले, त्याच वर्षांतले, तसलेच कागद उपसायला निघाली होती. तालुके काय कमी होते? वैजापूर होतं, गंगापूर होतं. शिवराजला संशय आला आणि तो बसला तो बसलाच. हिला कळलंय की नाही, एवढंच त्याला हळूच काढून घ्यायचं होतं. काम तसं लहान होतं.

पहिला सल्ला त्यानं तिसऱ्या मजल्यावरच्या दत्तोपंतांचा घेतला. दत्तोपंत नोंदणी खात्यातून निवृत्त झालेले, दस्त हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. शिवराजनं हे सगळं एका मित्राचं प्रकरण म्हणून सांगितलं. मित्राचं गाव कोणतं, मित्राची बहीण काय शिकते, असे दोन-तीन प्रश्न विचारून दत्तोपंतांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "तुमच्या मित्राला म्हणावं, लपवून काही उपयोग नाही. फसवून घेतलेल्या सहीचं असं असतं की दाव्याची मुदत तिला कळल्या दिवसापासून मोजतात. तीस वर्षांनी कळलं तर तीस वर्षांनी सुरू." शिवराजला हा कायदाच संशयास्पद वाटला. चोरी पचल्यावर पचली असं कधीतरी म्हणायला हवं की नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. ते त्यानं मित्राच्या वतीनं बोलून दाखवलं. दत्तोपंत म्हणाले, मित्रानं बहिणीशी चांगलं वागावं आणि लवकरात लवकर सांगून टाकावं. शिवराजनं सल्ल्याचा पहिला अर्धा भाग घेतला. चार दिवसांनी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आवाज उतरवून त्याला विचारलं, तुमच्या त्या मित्राचं काय झालं हो?

तर चांगलं वागणं सुरू झालं. पिशोरहून अद्रकाचं पोतं आलं, ते शिवराजनं तसंच दीपमालाच्या सिडकोतल्या घरी पोचवलं. चौघांच्या घरात पोतंभर अद्रकाचं काय करायचं, हा विचार त्यानं केला नाही. मग दोन किलो तूप गेलं. मग काही कारण नसताना पैठणी गेली. ती खरं तर बायकोनं, अंबिकानं, स्वतःसाठी पाहून ठेवलेली होती, त्यामुळं घरात दोन दिवस बोलणं बंद राहिलं. रोज सकाळी तो बहिणीला फोन करून "जेवलीस का" विचारू लागला. सकाळी साडेसातला.

एका रविवारी दीपमाला न सांगता आली आणि त्याला गाडीत घालून तपासणीला घेऊन गेली. तिलाही संशय आला होता. माणूस एकाएकी इतका प्रेमळ होतो तेव्हा डॉक्टरांनी त्याला काहीतरी सांगितलेलं असतं आणि तो घरच्यांपासून लपवत असतो, असा तिचा समज. रक्त काढलं, छातीचा आलेख काढला, पोटाची सोनोग्राफी केली. काही लपवलेलं आहे हे तिचं म्हणणं खरंच होतं, पण ते सोनोग्राफीत दिसण्यातलं नव्हतं. दिसली ती रक्तातली साखर. तेव्हापासून शिवराजचा चहा बिनसाखरेचा झाला आणि पैठणीचा राग अंबिकानं त्या चहावर पुरेपूर काढला.

मग त्यानं विषयच बदलून टाकायचं ठरवलं. विधी महाविद्यालयात दीपमालाच्या मार्गदर्शक हिमानी मॅडम बसत. शिवराज इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्याकडं गेला आणि काळजीवाहू भावाच्या आवाजात बोलू लागला. बहिणीला प्रवास झेपत नाही, घाटाचा रस्ता, उन्हाचे दिवस. त्यापेक्षा घरी बसून करता येईल असा एखादा विषय द्यावा. सायबर कायदा वगैरे.

हिमानी मॅडमनी त्याला पाणी दिलं. या विषयावर आजवर त्यांच्या तीन विद्यार्थिनींनी काम केलं होतं, असं त्यांनी सांगितलं. आणि त्या काळात चार भाऊ भेटायला येऊन गेले होते. "सगळ्यांना सायबर कायदाच आवडतो," त्या म्हणाल्या. "मला फार आश्चर्य वाटतं."

विषय बदलायचा तर अर्ज लागतो, तो समितीपुढं जातो, समिती सहा महिन्यांनी बसते आणि अर्जावर विद्यार्थिनीची सही लागते, हेही त्यांनी समजावलं. सहीचं नाव निघताच शिवराजनं सगळं पाणी पिऊन टाकलं. त्याची ती अवस्था पाहून असेल किंवा खरोखरच गरज असेल, पण मॅडमनी कपाटातून कागदांचा एक गठ्ठा काढला. बहिणी बोलतात, भाऊ बोलत नाहीत, अशी त्यांची अडचण होती. "भावांसाठी प्रश्नावली" असं वर छापलेले चाळीस फॉर्म होते. तुम्हाला एवढी काळजी आहे तर गावाकडच्या भावांकडून एवढे भरून आणा, बहिणीच्या फेऱ्या वाचतील, असं म्हणून त्यांनी ते त्याच्या हातात ठेवले. विषय बंद पाडायला गेलेला शिवराज त्याच विषयाचं काम अंगावर घेऊन बाहेर पडला. जाताना भेटीच्या वहीत नाव, नातं आणि येण्याचं कारण लिहावं लागलं. कारणाच्या रकान्यात त्यानं "सहज" लिहिलं आणि वर पाहिलं तर आणखी दोन ठिकाणी "सहज" लिहिलेलं होतं.

फॉर्म वाचण्याची त्याची छाती झाली नाही. गठ्ठा त्यानं तसाच पिशोरला नानासाहेबांकडं पाठवला आणि फोनवर सगळं सांगितलं. नानासाहेब मुळीच घाबरले नाहीत. "तिला काय कळतंय? लई शिकली म्हणून जुने कागद थोडीच बोलाया लागलेत. तू निस्ता गप बस. फारम मी बघतो." आणि आठ दिवसांत भरलेले फॉर्म एसटीनं आलेसुद्धा. एकोणचाळीस होते. चाळिसावा नानासाहेबांच्या हातून शाई सांडून खराब झाला म्हणून त्यांनी तो कोराच परत पाठवला होता.

एकोणचाळीसही फॉर्म निळ्या शाईत होते, एकाच वळणाच्या अक्षरात. बहिणीनं स्वखुशीनं हक्क सोडला का? हो. कागद वाचून दाखवला का? हो. बहीण समाधानी आहे का? हो, लई. एक फॉर्म तर अशा भावाच्या नावे होता की ज्याला सख्खी बहीणच नव्हती, हे शिवराजला ठाऊक होतं, कारण तो त्याचा वर्गमित्र. तरी त्यानं गठ्ठा दीपमालाला नेऊन दिला. तिनं वरचे पाच-सहा पाहिले, मग मधले, मग खालचे. तिचा चेहरा काही सांगेना. "नानांची तब्येत बरी आहे ना रे? एवढं लिहून हात दुखला असेल," एवढंच ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली. त्या चहात अद्रक जरा जास्तच होतं.

आता मात्र तिला एकटं सोडायचं नाही, असं शिवराजनं ठरवलं. ती कुणाला भेटते, काय विचारते, हे डोळ्यांनी पाहायचं. तुलना करायला तालुक्याबाहेरच्याही काही बाया घ्यायच्या होत्या म्हणून ती लासूर स्टेशनला मनकर्णाबाईंकडं निघाली, तर हा रजा टाकून गाडी घेऊन हजर. मनकर्णाबाई सत्तरीच्या, नवरा गेल्यावर भावाच्याच घरी राहणाऱ्या. दीपमालाशी त्या नीट बोलायला लागल्या होत्या, तेवढ्यात त्यांची नजर शिवराजवर गेली.

"ह्यो कोन? तुझा भाऊ व्हय?"

दीपमालानं होकार दिला.

"मंग त्याला भायेर बसीव. भावासमोर म्या काय सांगू? भाऊ लई चांगला हाय, एवढंच सांगन मी."

शिवराजला बाहेर बाजेवर बसवण्यात आलं. सरकारी नोकरीतल्या, स्वतःच्या गाडीनं आलेल्या माणसाला कुणी असं उठवून बाहेर घालवलेलं नव्हतं. बाजेवर आधीच मनकर्णाबाईंचा म्हातारा भाऊ बसलेला होता. त्यालाही तसंच बाहेर काढलेलं. दोघं भाऊ बराच वेळ एकमेकांकडं संशयानं बघत राहिले. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त मधूनच मनकर्णाबाईंचा आवाज चढायचा, आणि तसा तो चढला की म्हातारा तंबाखू मळायचा थांबायचा.

"तुमच्या भैनीनं दिलं का सोडपत्र?" शेवटी त्यानं विचारलं.

शिवराज हो म्हणाला.

"मंग येवढं का भेता? माझ्या भैनीनं बी दिलं. समद्या गावासमोर दिलं, बांगड्या घेतल्या माझ्याकडून. आज तिला मीच संभाळतो."

काय झालं कोण जाणे, शिवराजच्या तोंडून तेरा वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य बाहेर पडलं. "माझ्या बहिणीला माहीत नाही, तिनं दिलंय ते."

म्हाताऱ्यानं तंबाखू तोंडात टाकली, धोतर सावरलं आणि तो उठून पलीकडच्या दगडावर जाऊन बसला. ऊन त्या दगडावर होतं, सावली बाजेवर होती. एकदा बोलून टाकलं की हलकं वाटेल, असं शिवराजला वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

शेवटी तो सरळ कन्नडच्या नोंदणी कचेरीत गेला. त्या दस्तात नेमकं काय लिहिलंय ते एकदा बघावं, नक्कल काढावी, आणि देवाच्या कृपेनं तो सापडलाच नाही तर फारच चांगलं. सरकारी कचेरीत कागद न सापडण्याचा त्याला स्वतःला चोवीस वर्षांचा अनुभव होता. त्यानं मुद्दाम अर्धवट माहिती दिली. दस्त क्रमांक माहीत नाही, तारीख नक्की आठवत नाही. खिडकीतल्या मुलीनं हसून नाव विचारलं, वर्ष विचारलं आणि दहा मिनिटांत दस्त काढून दिला. सरकारी कामातली इतकी तत्परता शिवराजनं जन्मात पहिल्यांदा पाहिली, आणि तीही नको तेव्हा. नक्कल मिळाल्याची सही करायला तिनं वही पुढं केली. चाळता चाळता ती म्हणाली, या दस्ताची नक्कल याआधीही गेलेली दिसते, आणि तिनं पान उलटून दाखवलं.

सही दीपमालाची होती. अक्षर ठसठशीत, सावकाश केलेलं. तारीख एप्रिलमधली होती. पेढे घेऊन ती आली होती जुलैत.

शिवराज कचेरीबाहेरच्या पायरीवर बसला. म्हणजे ती पेढे देत होती तेव्हा तिला ठाऊक होतं. रक्त तपासायला नेलं तेव्हा ठाऊक होतं. पोतंभर अद्रक, पैठणी, साडेसातचे फोन, नानांचे एकोणचाळीस भाऊ, सगळं तिनं समजून उमजून पाहिलं होतं. आठ महिने आपण तिच्यावर नजर ठेवून आहोत अशा समजुतीत तो होता, आणि नजर ठेवली जात होती ती त्याच्यावर. त्याला राग यायला हवा होता. लाज वाटली. इतकी की उन्हातून उठून रसवंतीपर्यंत जायचंही त्याला सुचलं नाही. साखर असल्यामुळं रस तसाही चालणार नव्हता.

पुढच्या शनिवारी दीपमाला आली. अंबिकाशी बोलली, भाचरांना भेटली आणि मग टेबलावर एक कागद ठेवला. शाईचा डाग पडलेला चाळिसावा फॉर्म.

"दादा, मॅडमनी नानांचे सगळे फॉर्म बाद केले. मला एक तरी खरा भाऊ पाहिजे. नाव कुठं येणार नाही, फक्त क्रमांक येईल."

शिवराजनं पेन घेतलं आणि खालच्या रेघेवर सही करायला हात नेला. काय हवं ते भर तू, असंही तो म्हणाला. दीपमालानं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"वाचून सही कर. माझ्यासारखी नको करू."

अंबिका स्वयंपाकघराच्या दारात थांबली. दीपमाला रागात नव्हती. तिचा आवाज तेरा वर्षांपूर्वी जीपमध्ये होता तसाच दमलेला होता, आणि ते शिवराजला रागापेक्षा जड गेलं. त्यानं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. दोन पानं होती. एरवी त्यानं ती दोन मिनिटांत उरकली असती, आज अर्धा तास लागला. पाचव्या प्रश्नाला त्यानं चष्मा काढून पुसला. अकरावा प्रश्न होता, सही घेण्याआधी बहिणीला कागद वाचून दाखवला होता का. पुढं तीन चौकोन होते. हो, नाही, आठवत नाही. तिसरा चौकोन फार सोयीचा होता, आणि शिवराजचं पेन त्याच्यावर क्षणभर थांबलंसुद्धा. मग त्यानं "नाही"वर खूण केली. खाली जागा होती तिथं स्वतःच्या अक्षरात लिहिलं की सहीची जागा मी दाखवली. मग सही केली.

दीपमालानं फॉर्म घेतला, अकरावा प्रश्न पाहिला, खालची ओळ पाहिली. बराच वेळ पाहिली. तिचे डोळे भरले ते तिनं लपवले नाहीत.

"एप्रिलमध्ये का नाही बोललीस?" शिवराजनं विचारलं.

"तू बोलशील म्हणून थांबले होते. तू पैठणी पाठवलीस."

दारातून अंबिका म्हणाली, ती माझी होती. त्यावर दोघी नणंदा-भावजया जरा हसल्या, शिवराजला हसता आलं नाही. त्यानं घसा साफ केला. जन्मात कुणाचाही सल्ला न घेता त्यानं काही ठरवलं असेल तर ते आत्ता.

"कन्नडला कधी येतेस? तो कागद रद्द करू. तुझा वाटा तुझ्या नावावर चढवू. गाडी मी काढतो, तू फक्त चल आणि सही कर."

दीपमालानं फॉर्म पिशवीत ठेवता ठेवता मान वर केली. आठ महिने शिवराज तिच्याकडं जसा बघत होता, अगदी तशी ती आता त्याच्याकडं बघू लागली.

"आधी मसुदा पाठव," ती म्हणाली. "आणि जीपमध्ये नाना नकोत."